सरपंचाची ओटी

आमच्या कुसळेवाडीचं सरपंचपद बाईला राखीव झालं आणि अनसाबाई निवडून आल्या. पहिल्या ग्रामसभेला त्या पोचल्या, तर त्यांचे मालक केरबातात्या फेटा बांधून सरपंचाच्या खुर्चीत आधीच बसलेले!

"अहो, ती खुर्ची माझी," अनसाबाई म्हणाल्या.

"नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं? दोघं एकच," तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "बाईच्या जातीला कारभार झेपतो होय? तू घरी जा. सरपंच मीच समज."

पुरुषमंडळी खो खो हसली. त्यात बिनदाताचा मी सगळ्यांत पुढं.

तेवढ्यात नव्या सरपंचबाईंची ओटी भरायला बाया खण-नारळ घेऊन आल्या. अनसाबाईंनी त्यांना सरळ खुर्चीकडं वळवलं. "सरपंच तिथं बसलेत. भरा ओटी!"

चंपाकाकूनं कुंकवाचं बोट तात्यांच्या कपाळाकडं नेलं. "पदर पसरा, सरपंचबाई!"

तात्या किंचाळले, "अगं, मी काय बाई आहे?"

"नाही ना?" अनसाबाई म्हणाल्या. "मग उठा. जागा बाईची आहे."

तात्या उठले. ओटी अनसाबाईंचीच भरली. सभा संपल्यावर त्यांनी नारळ फोडून खोबरं वाटलं आणि पहिला तुकडा तात्यांना दिला. नवरा-बायको एकच की हो!