आतून आलेला नकार

"पण सर, एरर दारच दाखवतंय ना? मग बिघाड दारातच असणार."

अद्वैत खानोलकर सकाळपासून हेच सांगत होता. मुलींच्या सरकारी वसतिगृहांची प्रवेशाची वेबसाइट बंद पडली होती. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. वसतिगृह नाही म्हणजे अर्ज करणाऱ्या बहुतेकींचं कॉलेज संपलं.

लियाकत मुजावर सरांनी चहा बाजूला ठेवला. सर्व्हरचं काम अद्वैतला त्यांनीच शिकवलं होतं.

"दार म्हणजे काय रे?"

"प्रॉक्सी, सर. बाहेरून आलेली विनंती आतल्या ॲपला देतो, ॲपचं उत्तर बाहेर देतो."

"मग काय केलंस?"

"प्रॉक्सी रीस्टार्ट केला. उत्तराची वाट बघायचा वेळ, टाइमआउट, वाढवला. पुन्हा रीस्टार्ट केला. आता अख्खा प्रॉक्सीच नवा टाकतोय."

"ॲप बघितलंस?"

"ते मी लिहिलंय, सर."

"म्हणजे नाही बघितलंस."

सरांनी कीबोर्ड ओढून घेतला. प्रॉक्सी ज्या पोर्टवर, म्हणजे ज्या ठरलेल्या क्रमांकावर, ॲपला हाक मारत होता, तिथेच त्यांनी प्रॉक्सीला वगळून थेट विनंती पाठवली.

उत्तर लगेच आलं. कनेक्शन नाकारलं.

"आता मध्ये दार नाही," सर म्हणाले. "मग नाही कोण म्हणालं?"

अद्वैतला आठवलं. काल त्याने ॲपची नवी आवृत्ती चढवली होती. तिच्यात पोर्ट त्यानेच बदलला होता. प्रॉक्सीला कळवायचं राहिलं होतं.

त्याने मुकाट्याने पोर्ट पूर्ववत केला. अर्ज येऊ लागले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फोन. मुदत वाढवायची तर कारण लेखी हवं. चूक कार्यालयाची असेल तरच वाढ मिळेल. नाहीतर मुली शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्याच कशाला, असं साहेबांचं म्हणणं.

अद्वैतने टाइप केलं : 'गेटवेमधील तांत्रिक बिघाडामुळे...'

सरांनी ओळीवर बोट ठेवलं. "पुन्हा दारच. यात चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही, सर."

"मग मुदत कशाला वाढेल?"

"सर, माझं प्रोबेशन चालू आहे."

"त्या मुलींचं वर्ष चालू आहे."

अद्वैतने ओळ खोडली. कोरा पडदा.

"काय लिहू?"

"दाराला नावं ठेवून झाली ना? आता स्वतःचं नाव लिही."