पयोदातीरीचे अशुद्ध हवि

त्रेतायुगाचा आरंभ होता. कदंबांच्या दाट छायेने शीतल आणि सामगायनाने निनादणाऱ्या पयोदा नदीच्या तीरावर बारा तपोनिष्ठ ऋषींनी यज्ञसत्र मांडले होते. आहुतीपूर्वी प्रत्येकाने तूप हुंगून ते शुद्ध की अशुद्ध हे सांगावे, असा तेथील नियम होता. वयोवृद्ध वीतिमान प्रथम बोलत. बाराव्या आसनावरचा ऋतायन सर्वांत शेवटी.

एके प्रातःकाली ऋतायनाला तुपात जळक्या चरबीचा दर्प जाणवला. पण वीतिमान म्हणाले, "शुद्ध!" आणि मागोमाग दहाही मुखांतून तोच शब्द उमटला. एवढे ज्ञानवृद्ध चुकतील कसे? दोष आपल्याच नाकाचा, असे समजून तोही पुटपुटला, "शुद्ध." आहुती पडताच ज्वाला काळवंडली.

दुसऱ्या दिवशीही तेच घडले. ऋतायनाच्या मनात संशयाचा काटा रुतला. तिसऱ्या दिवशी तो सर्वांचे चेहरे न्याहाळू लागला. शेजारच्या मेधावसूंच्या नाकपुड्या आक्रसल्या, तरी ओठ वदले, "शुद्ध!" दुसऱ्या एकाने तर श्वासच रोखून धरला होता. आणि वीतिमान? पात्राकडे त्यांचे लक्षच नव्हते. कोण कचरतो, हे ते एकेका मुखावर शोधत होते.

पात्र ऋतायनापुढे आले. त्याने ते दोनदा हुंगले.

"बोल!" वीतिमान गरजले. "अकरा तपोनिधींहून तुझे घ्राण थोर आहे काय?"

"थोर नाही, भगवन्. पण हे तूप अशुद्ध आहे."

 मग मेधावसू हळूच म्हणाले, "मलाही तीन दिवस दर्प येतो आहे. वाटले, मला एकट्यालाच येतो."

"मलाही!" "मलाही!" आसनाआसनावरून शब्द उठले. तत्क्षणी वृद्धाचे रूप गळून पडले आणि खऱ्या वीतिमानांना गुहेत कोंडून यज्ञ भ्रष्ट करण्यास आलेला धूमकेश असुर प्रकटला. कुंडातून उसळलेल्या अग्निदेवाने त्याचे भस्म केले. पण देवाचा कोप शमला नाही.

"मुनींनो, एक असत्य असुराचे, बाकीची तुमची! यापुढे समूहात बसताच मानवाला स्वतःच्याच इंद्रियांचा संशय येईल."

ऋतायनाने लोटांगण घातले. "देवा, दोन दिवस मीही खोटे बोललो. शाप मलाही आहे. पण उःशाप द्यावा."

"ज्या सभेत एक मुख सत्य बोलेल, तेथे दुसऱ्याचा कंठ मोकळा होईल."

"आणि पहिल्याचा?"

अग्निदेव अंतर्धान पावला. म्हणूनच आजही सभेत पहिल्याने सत्य बोलणाऱ्याच्या पाठीशी कोणताही वर नसतो.