घाटातला पाना

"उस्ताद, दोष कुठं आहे ते डोळे मिटून सांगतो. सांगू?"

कासमभाईंनी मान वळवून मागच्या काचेतून धुक्याकडं बघितलं.

आंबा घाटाची निम्मी उतरण झाली होती. सकाळचे नऊ वाजले असतील, पण धुकं असं दाटलं होतं की गाडीचं नाकही धूसर दिसत होतं. एका खड्ड्यात चाक आपटलं आणि गाडीतला जीवच गेला. इंजिन, दिवे, हॉर्न... सगळं एका दमात. रणधीरनं उतारावर ती तशीच घरंगळत आणली आणि डाव्या अंगाला, डोंगराच्या पुढं आलेल्या कातळासमोर उभी करून हँडब्रेक ओढला.

रणधीर चौगुले हा कासमभाई मुजावरांचा लाडका शिष्य. सात वर्षं त्यांच्या हाताखाली राबला, मग मलकापुरात स्वतःचं गॅरेज टाकलं. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो, अशी त्याची ख्याती होती. ती त्याच्याही कानावर आलेली होती.

मागच्या सीटवर त्याची बहीण वनिता बसली होती. सातवा महिना. बाळंतपणाला तिला साखरप्याला आईकडं सोडायचं होतं. कासमभाईंना त्याच वाटेवर आपल्या लेकीकडं जायचं होतं, म्हणून ते सोबत होते.

"आधी पोरीला उतरव," कासमभाई म्हणाले.

"कशाला, उस्ताद? अवघडलीय ती. बॅटरीचं टर्मिनल निसटलंय, दुसरं काही नाही."

"उतरव. डाव्या दारानं."

रणधीरनं तोंड वाकडं केलं, पण बहिणीला हात दिला. गटारापलीकडं, गाडीच्या बरंच मागं, चार पावलं चढून एक सपाट कातळ होता. वनिता तिथं टेकली.

तोवर कासमभाईंनी डिकीतला इशाऱ्याचा लाल त्रिकोण काढला होता. सत्तरीचा म्हातारा रस्त्याच्या कडेकडेनं मागं चालत गेला. वळणाच्याही पलीकडं. धुक्यात दिसेनासाच झाला.

परत आले तेव्हा रणधीर बॉनेटपाशी उभा होता. पाठीशी कातळ, पुढं गाडी, हातात पाना.

"पाना दे इकडं."

"उस्ताद, मला येतं हो!"

"दे."

त्यानं दिला. कासमभाईंनी पाना खिशात टाकला, गटार ओलांडलं आणि जाऊन वनिताशेजारी बसले.

रणधीर क्षणभर बघतच राहिला. सात वर्षं शिकून, स्वतःचं गॅरेज थाटून, बहिणीदेखत हा अपमान? रागानं त्याचे कान तापले. तो तरातरा वर चढला.

"हे काय उस्ताद? मी काय आता शिकाऊ आहे? पाना काढून घ्यायला..."

वर वळणावर ब्रेक किंचाळले.

धुक्यातून दुधाचा टेम्पो आला, तिरपा होत, ओल्या रस्त्यावर घसरत. चालकानं वेग बराच आवरला होता, तरी तो गाडीला मागून धडकलाच. गाडी पुढं ढकलली गेली आणि कातळाला जाऊन भिडली. बंपर आणि कातळ यांच्यात बोटही शिरलं नसतं.

मग सगळं शांत... एक कॅन तेवढा गडगडत उताराला लागला.

रणधीर त्या फटीकडं बघत होता. तिथं तो उभा होता. आत्ता... आत्ताच.

तो कातळावर बसला.

"दादा," वनितानं त्याचा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग ती एकदम रडता रडता हसली. "पोटात लाथ मारली रे त्यानं. जोरात."

टेम्पोवाला खाली उतरला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. "त्रिकोण दिसला... म्हणून पाय दाबला. न्हाईतर..."

कासमभाईंनी त्यालाही वर ओढून बसवलं.

रणधीर उठला. कुणी सांगायची वाट न बघता कडेकडेनं मागं गेला, आडवा झालेला त्रिकोण उचलला आणि आणखी लांब नेऊन उभा केला. परत आला तेव्हा टेम्पोवाल्यानं एका कॅनचं झाकण दुधानं भरून वनितापुढं धरलं होतं. सगळ्यांनी घोट घोट घेतला. असं दूध आपण कधी प्यालो नव्हतो, असं रणधीरला वाटलं.

"उस्ताद, टेम्पो येणार हे तुम्हाला कळलं कसं?"

"नव्हतं कळलं."

हळूहळू धुकं विरलं. वळणापर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसू लागला. टेम्पोवाल्यानं टेम्पो मागं घेऊन कडेला लावला, रणधीरसोबत गाडी कातळापासून मागं रेटली आणि मग रस्त्यावर लक्ष ठेवून वर उभा राहिला.

कासमभाईंनी खिशातून पाना काढून रणधीरच्या हातावर ठेवला.

वाकलेलं बॉनेट कसंबसं उघडलं. टर्मिनल निसटून बाजूला पडलं होतं. रणधीरनं ते बसवलं, नट आवळला. दिवे लागले. इंजिन एका हाकेत चालू झालं. मागची बाजू चेपली होती, पण चाकं मोकळी होती.

तो सुटकेनं हसला. मग कातळाकडं नजर गेली आणि हसू थांबलं.

"उस्ताद... अर्ध्या मिनिटाचं तर काम होतं."

कासमभाई वनिताला हात देऊन सावकाश खाली उतरवत होते.

"टेम्पोलाही तेवढाच वेळ लागला."