भिवाची खळगी

थांबा, थांबा! चपला काढा आधी. इथे देऊळ नाही म्हणून काय झालं? ही भिवाची खळगी. चहूकडे बघा, नुसता मुरूम आणि खडक, कुसळसुद्धा धड उगवत नाही. आणि मधेच ही लोण्यासारखी मऊ, काळी चिकण माती. कुठून आली? ऐका तर.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा गढीत सुभानराव राहायचा. माणूस कसला, मेला राक्षसच! पंचक्रोशीत मातीची एकच खाण, ओढ्याकाठची. ती त्याने बळकावली आणि कुंभारांना बजावलं, मडकी घडतील ती गढीसाठीच. आता या उन्हाच्या मुलखात मडकं नाही तर लोकांनी पाणी साठवायचं कशात, ओंजळीत? भिवा कुंभार टोपलं घेऊन खाणीवर गेलाच. सुभानरावाच्या माणसांनी त्याला ओंडक्यावर पालथा पाडला आणि कुऱ्हाडीने दोन्ही हात मनगटापासून तोडले. वर जखमा उकळत्या तेलात बुडवल्या, तो मरू नये म्हणून. बाकीच्यांनी त्याला बघून धसका घ्यावा ना!

त्याची बायको राही. तिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. या माळावर आली, घणाने खडक फोडला, जात्यावर त्याचं पीठ केलं आणि मडकी घडवली. भट्टीत सगळी तडकली. तडकणारच! दगडाचं पीठ म्हणजे माती नव्हे, दगड आधी कुजावा लागतो. रडकुंडीला आली बिचारी. तेव्हा भिवा म्हणाला, "हात गेले गं, पाय आहेत की माझे."

मग खडक फोडून पडलेल्या या खळगीत राही दगडाचं पीठ ओतायची, खाऱ्या आडाचं पाणी शिंपायची आणि भिवा तुडवायचा. हात नाहीत, वर चढणार कसा? म्हणून कमरेला दोर बांधून ती त्याला ओढून घ्यायची. उन्हाने पीठ वाळायचं, भेगा पडायच्या, की परत पाणी, परत तुडवण. वर्षं गेली. टाचा फाटून रक्त त्यात मुरत राहिलं. एरवी दगड कुजायला पिढ्या जातात, पण ते रक्त बघून म्हणे खडकालाच लाज वाटली. खळगीत माती झाली, चिकट आणि खोल.

सुभानरावाच्या कानावर गेलं. तलवार उपसून त्याने घोडा सरळ भिवाच्या अंगावर खळगीत घातला. घोडा पोटापर्यंत रुतला, तडफडताना त्याचे पाय काडकाड मोडले. सुभानराव चिखलात पडला आणि बुडता बुडता त्याने भिवाच्या कमरेला मिठी मारली. काठावरून राही दोर ओढत होती. दोघंही वर येऊ लागले.

"राही, सोड!"

"नाही सोडायची!"

"हा वर आला तर गाव जगू देणार नाही. सोड म्हणतो ना!"

राहीने दोर सोडला. भिवाने दोन्ही पायांनी सुभानरावाला कवटाळलं आणि त्याला खाली नेलं. गढीची माणसं काठावर उभी होती. उतरायची एकाचीही छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ओढ्याची खाण सगळ्यांना मोकळी झाली.

आजही आमच्यात वर्षाची पहिली माती तुडवायला कुंभार इथेच उतरतो. कमरेला दोर, दुसरं टोक बायकोच्या मुठीत. तळहाताची सालटं निघाली तरी ती दोर सोडत नाही. आणि तो वर आला, की कुणाशी काही बोलायच्या आधी ती त्याचे दोन्ही हात धरून बघते.