चकचकीत काच

मासे आणि गोगलगायी एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. मृदुलाताईंनी हौसेने घरात माशांची काचपेटी मांडली. दुकानदार म्हणाला होता, "एक गोगलगाय सोडा, म्हणजे फारसं बघावं लागणार नाही. थोडं पाणी मात्र बदलत जा." ताईंनी पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं.

गोगलगाय दिवसभर काचेवरचं शेवाळ खाई. काच चकचकीत राही, त्यामुळे पाणी बदलायचं कुणाला सुचतच नसे. हळूहळू पाणी नासलं. म्हातारा गप्पी मासा वर येऊन धापा टाकू लागला.

"अगं, तू काच पुसतेस म्हणून त्यांना आपले हाल दिसत नाहीत," तो म्हणाला. "जरा थांबून तर बघ."

गोगलगायीला पटलं. भूक मारून ती कोपऱ्यात बसून राहिली. काच हिरवी झाली. अखेर मृदुलाताई जवळ आल्या. तिला वाटलं, आता नक्की पाणी बदलणार.

"ही आळशीच निघाली," ताई म्हणाल्या. त्यांनी तिला उचलून खिडकीतल्या कोरड्या कुंडीत टाकलं आणि दुसरी गोगलगाय आणून सोडली.

कुंडीतून तिला सगळं दिसत होतं. नवी गोगलगाय मन लावून काच पुसत होती. गप्पी तिला काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याला आता बोलवत नव्हतं.