कापलेला पलटा

“आणि पलटा कुठं गेला?”

पडद्यावर अजून नावं सरकत होती. दिग्दर्शन केतकी बिराजदार, नृत्य केतकी बिराजदार, संकल्पनाही तिचीच. वर्गातल्या मुलींनी टाळ्यांसाठी हात उचलले होते, ते तसेच खाली आले.

विचारणाऱ्या शरयूबाई टेंबे होत्या. सत्तरी उलटलेल्या, कथकच्या जुन्या गुरू. विद्यापीठानं ‘नृत्य आणि चित्रपट’ असा नवा अभ्यासक्रम काढला तेव्हा त्यांना सन्मानानं बोलावून आणलं होतं आणि रसायनशास्त्राच्या एका जुन्या प्रयोगशाळेत बसवलं होतं. त्या प्रयोगशाळेच्या भिंतीला अजून नळ होते. मुली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

बाईंनी बाकीच्यांना चहाला पिटाळलं. केतकी तेवढी उरली.

“कुठला पलटा?” तिनं विचारलं. कुठला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं.

कथकमध्ये गोष्ट सांगायची तर एकच नाचणारी सगळी माणसं होते. सासू तीच, सूनही तीच, आणि भांडण लागलं की दोन्हीकडून तीच भांडते. एका माणसातून दुसऱ्यात जाताना ती जागच्या जागी एक गिरकी घेते, तिला पलटा म्हणतात. गिरकीत शिरते ती लेक असते आणि बाहेर पडतो तो बाप. मधल्या मध्ये ती कोण असते, हे सहसा कुणी विचारत नाही.

केतकीचा सिनेमा बापलेकीचाच होता. लेक नाचायला निघते. बाप आडवा येतो, तिची घुंगरं हिसकून अंगणात भिरकावतो. लेक ती उचलते, चालू लागते आणि तिच्या मागे दार लागतं, खाडकन कडी पडते. लेक अर्थातच केतकी झाली होती. बाप व्हायला नाट्यविभागातून एक भरघोस मिशांचा नट आणला होता. लेकीच्या चेहऱ्यावरून कॅमेरा सुटायचा तो थेट मिशीवर पडायचा, आणि बघणारा दचकायचा.

पलट्याच्या जागी कट होता. ही चूक नव्हती, उलट केतकीला त्याचाच फार अभिमान होता. ‘कट म्हणजेच पलटा’ असा तिचा सिद्धांत होता. चर्चासत्रात तिनं तो मांडला तेव्हा बाहेरून आलेल्या विद्वानांनी माना डोलवल्या होत्या, एकानं तर तिचा पत्ता मागून घेतला होता. आणि आता या बाई, ज्यांना ती रोज वाकून नमस्कार करत होती, त्या विचारत होत्या की पलटा कुठं गेला.

तिनं सगळं पुन्हा समजावून सांगितलं, शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. रंगमंचावर दुसरं माणूस उभं करायची सोय नसते म्हणून नाचणारीला गिरकी घ्यावी लागते. कॅमेऱ्याकडे ती सोय आहे. मग गिरकी कशाला? माध्यम बदललं की व्याकरण बदलतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यांनी पदर सारखा केला, तेवढंच.

“पटलं ना बाई?”

“छान बोलतेस.”

“मग सही?”

“नाही करणार.”

सोमवारी सिनेमा परीक्षेला जायचा होता. गुरूची सही नसेल तर परीक्षक तो हातातही घेत नसत. सही नाही म्हणजे वर्ष गेलं. हे बाईंना माहीत नव्हतं असं थोडंच होतं? त्यांच्यासमोरच तर नियम वाचून दाखवले होते.

उन्हात केतकीनं चित्रीकरण केलं होतं, तापलेल्या फरशीवर पाय पोळले होते, नटाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. ते सगळं एका गिरकीपायी पाण्यात? असल्या हट्टाला विद्या म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

“बाई, खरं सांगू? तुम्हाला सिनेमाच आवडत नाही.”

बाई प्रथमच ताठ बसल्या.

“मला?” त्या म्हणाल्या. “मॅटिनीपायी रियाज बुडवलाय मी. त्याबद्दल गुरुजींचा मारही खाल्लाय. सिनेमा मला शिकवू नकोस.”

“मग कटला नाकं का मुरडता?”

“कापण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काय कापलंस, ते विचारतेय.”

“गिरकी कापली. दुसरं काय?”

“बाप कोण झालं?”

“नट झाला.”

“तू का नाही झालीस?”

केतकीनं उत्तरासाठी तोंड उघडलं. माध्यम, व्याकरण, सगळे शब्द अगदी जिभेवर होते…

“कारण मला व्हायचं नव्हतं.” ती इतक्या जोरात बोलली की तिचा आवाज तिला समोरच्या भिंतीवरून परत ऐकू आला. “त्या माणसाच्या अंगात मी क्षणभरसुद्धा शिरणार नाही. नाचात शिरावं लागतं, सिनेमात लागत नाही. म्हणून तर मी सिनेमाकडे आले.”

गोष्ट तिची स्वतःची होती, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. उमरग्याला तिचे वडील गणित शिकवायचे. भर दुपारी, शेजारीपाजारी बघत असताना, त्यांनी तिची घुंगरं अंगणात फेकली होती. ती घराबाहेर पडली त्यानंतर बापलेकीत एक शब्द झाला नव्हता. आई चोरून फोन करायची आणि दर वेळी म्हणायची, जाऊ दे ना, बापच आहे शेवटी. मावशी, काका, सगळे तेच म्हणायचे. आता बाईही तेच म्हणणार, हे केतकीनं गृहीत धरलं आणि उत्तरही तयार ठेवलं.

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“त्यांनी केलं ते वाईटच केलं,” त्या म्हणाल्या.

केतकीचं तयार उत्तर तसंच राहिलं. इतकं सरळ तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही राग आला.

“मग?” तिनं विचारलं.

“मग काही नाही. घुंगरं बांध.”

तिनं बांधली. बांधताना दोरीला असे हिसके दिले की घोट्यावर वळ उठले. बाईंनी तिचा फोन मागून घेतला, चित्रीकरणाची खूण कुठली ते विचारलं आणि तो दोन्ही हातांत ताटासारखा धरून भिंतीला टेकून बसल्या. नट नाही, अंगण नाही, उजेडाची योजना नाही. केतकीला ते सारं हास्यास्पद वाटत होतं आणि तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं. बाईंनी तोंडानं ठेका धरला.

लेक तिनं झकास केली. राग आयता होताच. मान, भुवया, पायाचा आघात, सगळं चोख. मग ती गिरकीत शिरली आणि बाप होऊन बाहेर आली. छाती पुढे, डोळे वटारलेले, हात मिशीवर.

बाईंचा ठेका थांबला.

“हा तो नट,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वडिलांना मिशा आहेत?”

“नाही.”

“पुन्हा.”

पुन्हा लेक, पुन्हा गिरकी. या खेपेला ती अर्ध्यातच अडकली. पाय फिरले पण खांदे फिरेनात, आणि ती भिंतीवरच्या नळांकडे तोंड करून उभी राहिली. लेकीचा राग मुठीत तसाच होता. तो घेऊन बाप होता येत नव्हतं, आणि तो सोडायची तिची तयारी नव्हती. का सोडावा? ज्यानं फेकायचं त्यानं फेकलं, आणि सोडायचं मात्र हिनं? हा कुठला न्याय?

“हे अन्यायाचं आहे, बाई.”

“आहे.”

“तरी करू?”

बाईंनी नुसता ठेका धरला. जरा संथ.

केतकी पुन्हा लेक झाली. बोलली, भांडली, गिरकीत शिरली. फिरता फिरता मूठ उघडली. तिनं उघडली नाही, फिरण्यातच ती उघडली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर लेकही नव्हती आणि बापही नव्हता. मग एक थोडा वाकलेला माणूस तिथं उभा होता, उजवा खांदा किंचित खाली. फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याचा असतो तसा.

त्या माणसानं घुंगरं हिसकली. भिरकावली. त्यात काही कमी नव्हतं, हात तितक्याच जोरात गेला. लेक ती उचलायला अंगणात उतरली, तिच्या पाठीकडे त्यानं पाहिलं. मग दार लोटलं आणि कडी लावायला हात वर नेला.

हात वर गेला आणि तिथंच थांबला.

केतकी तशीच उभी राहिली. हात हवेत होता. बोटं न दिसणाऱ्या कडीवर ठेवलेली. बाई ठेका म्हणत राहिल्या, पण तिला तो ऐकू येत नव्हता. त्या दुपारी ती अंगणात वाकून घुंगरं गोळा करत होती, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला होता. कडीचा आला नव्हता. घुंगरं वेचून ती फाटकापर्यंत गेली, फाटक उघडलं, तरीही आला नव्हता. सिनेमात कडीचा तो आवाज तिनं स्वतः घातला होता. ध्वनीच्या मुलाला तीन-तीनदा सांगून मोठा करून घेतला होता.

“बाई…”

ठेका थांबला.

“हे तुम्ही मला का करायला लावलंत?” तिनं हात झटकन खाली घेतला. “आता मी त्यांना माफ करायचं का?”

“मी असं म्हटलं?”

“मग काय करू मी याचं? त्यांचा हात थांबला असेल. नसेलही. मला काय माहीत. थांबला म्हणून घुंगरं फेकली नाहीत असं होतं का?”

“नाही होत.”

“मग?”

बाई भिंतीचा आधार घेत उठल्या. गुडघा धरला होता, जरा लंगडतच त्या तिच्यापर्यंत आल्या. फोनमध्ये सगळं आलं होतं, हलत, थरथरत. पहिल्या खेपेची खोटी मिशी, अडकलेली गिरकी, नळांकडे वळलेलं तोंड आणि नंतरचंही सगळं. कुठंही न तोडता.

केतकीनं पाहिलं. गिरकीतला तो चेहरा आला तेव्हा तिचा अंगठा आपसूक पडद्यावर गेला आणि चित्र थांबलं. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्या सिनेमात त्याला जागाच नव्हती.

“कुणाला दाखवायचं नाही हे,” ती म्हणाली. राग अजून होता. पण आता तो कुणावर काढायचा, हे तिला समजेना.

बाईंनी चष्मा पुसला, घातला आणि फोन तिच्या हातात नीट बसवून दिला.

“तुझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “सांग आता, कुठं कापायचं?”