दोरा बांधायला रोप नाही

तुमच्या-माझ्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका बरं!

एका बर्फाळ डोंगरावर पाइनचं रान होतं. हे झाड मोठं मानी. खाली गावात लावा, पाणी घाला, जगायचं नाही. वर, जिथे नुसते खडक आणि वारा, तिथेच वाढायचं. डोंगरावरून घसरणारा बर्फ तेच रान अडवून धरायचं, म्हणून खालचं गाव सुखाने नांदत होतं.

रानाला एक राखणदार होता. गोफण चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. करडे पक्षी पाइनची शंकूसारखी फळं फोडून बिया पळवताना दिसले की त्याचं डोकं फिरायचं.

"चोर लेकाचे! माझ्या रानाचं बी खाऊन टाकतात!"

वीस वर्षं त्याने दिसेल तो पक्षी हुसकावला. गावाने खूश होऊन त्याला पागोटं बांधलं.

मग त्याला नात झाली. राखणदाराच्या घरची रीत अशी, की पहिल्या नातवंडाच्या बारशाला आजोबाने रानात जाऊन वीतभर रोप शोधायचं आणि त्याला लाल दोरा बांधायचा. ते रोप आणि ते मूल मग जुळी भावंडं. रान पुढे त्या मुलाने राखायचं.

म्हातारा हसतहसत डोंगर चढला. एका झाडाखाली वाकला. रोप नाही. दुसऱ्याखाली नाही, खडकांच्या फटीतही नाही. जिकडे पाहावं तिकडे जुनी, वठत चाललेली झाडं! माथ्यापर्यंत शोधून तो मटकन खाली बसला.

"अरे देवा! एकसुद्धा नाही?"

"कुठून असणार?" फांदीवरून एक लंगडा करडा पक्षी म्हणाला. त्याचा पाय गोफणीच्या दगडानेच मोडला होता. "या बियांना पंख नसतात, बाबा. वारा त्यांना नेत नाही. आम्ही त्या हिवाळ्यासाठी फटीफटीत पुरायचो. बऱ्याच खायचो, थोड्या विसरायचो. विसरलेल्या उगवायच्या. तेच तुझं रान."

राखणदाराने कमरेच्या गोफणीकडे पाहिलं. "म्हणजे... रान मीच मारलं?"

म्हाताऱ्याने गोफण तिथल्या तिथे तोडून टाकली. बारसं दोऱ्याविनाच झालं. हळूहळू पक्षी परतले, पण पाइनला वाढायची घाई नसते. नऊ वर्षांनी नातीला खडकाच्या फटीत वीतभर रोप सापडलं. आजोबांनी जपून ठेवलेला लाल दोरा तिने स्वतःच बांधला. तो बघायला आजोबा उरले नव्हते.

म्हणून सांगतो, एखाद्याला चोर म्हणून हाकलण्याआधी तो नेतो ते ठेवतो कुठे, एवढं तरी पाहावं.